मामाकडचं काय?

आमचे सर माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलले नाहीत. कानाकडे बघून बोलायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या कानाला काहीतरी लागलंय. मी रुमालाने दोन्ही कान खसाखसा पुसले, तरी सरांची नजर हटेना. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या कानाची पाळी खाली चिकटलेली आहे. मामाकडचं काय?"

मी म्हणालो, "मामा बरे आहेत, सर."

अख्खा वर्ग हसला. जळगावच्या त्या कॉलेजात माझ्या शिक्षणाची सुरुवात ही अशी झाली, आणि पुढेही त्यात फारशी सुधारणा झाली नाही.

सर प्राणिशास्त्राचे, पण त्यांचा जीव अडकलेला अनुवंशशास्त्रात. एक गुण आईकडून येतो, एक बापाकडून, काही गुण आईच्या हातून लेकात उतरतात, तेव्हा कुणाचंही काहीही ऐकलं की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मामाकडचं काय?" ऑफिसातल्या कारकुनाची दाढ दुखली, मामाकडचं काय. प्राचार्यांचे केस अकाली पिकले, मामाकडचं काय. एकदा एका मुलाची सायकल चोरीला गेली, तर त्यालाही सर सवयीने तेच विचारून बसले, आणि तो बिचारा खरंच मामाकडे सायकल शोधायला गेला.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा असे. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, लग्न म्हणजे आडवी रेघ. ही चित्रं सर कुठेही काढत. बसस्टँडच्या फरशीवर, टपरीच्या फळीवर, एकदा तर शेजारच्यांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. जळगावच्या उन्हाळ्यात लोक घामाने हैराण झालेले असत, आणि हा माणूस घाम कुणाच्या नाकावर आधी येतो नि कुणाच्या कपाळावर, ते बघत हिंडायचा.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. चहा देताना त्या हमखास एक गोष्ट सांगायच्या. "मला बघायला आले ना, तेव्हा माझं तोंडसुद्धा बघितलं नाही यांनी. म्हणे, जीभ गुंडाळून दाखवा. मला वाटलं, वेडं स्थळ आहे. आई आतून म्हणाली, नोकरी आहे ना? मग दाखव."

"गुंडाळली का?" आम्ही विचारायचो.

"पुंगळी झाली अगदी," सर अभिमानाने सांगायचे. "मी लगेच पसंती कळवली."

आता माझ्याकडे वळतो, कारण मीही काही कमी नमुना नव्हतो. आमचं घर रावेरकडचं, केळीवालं. केळीला बी नसतं. एका कंदातून दुसरा कंद, दुसऱ्यातून तिसरा, सगळी बाग म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. हे ऐकून सर पोट धरून हसले होते. "ज्या पिकाला आई नाही, बाप नाही, मामा तर नाहीच नाही, त्या घरातला मुलगा माझ्याकडे जेनेटिक्स शिकायला आला!" माझा उपयोग मात्र त्यांनी ओळखला. प्रयोगाला फळमाश्या लागायच्या आणि फळमाश्यांना पिकलेलं केळं लागायचं. तेव्हा आठवड्याला एक फणी मी घरून आणायची. हे वडिलांना कळलं तेव्हा ते सुन्न होऊन ओट्यावर बसले. "आम्ही जनमभर माश्या हाकल्या," ते म्हणाले, "अन् तू त्याइले केळं चारू राह्यला?"

या माश्या म्हणजे जावयांसारख्या नाजूक. जरा ऊन वाढलं की अंडी घालायच्या बंद, आणखी वाढलं की बाटलीच्या तळाला आडव्या. जळगावात तर मार्चपासूनच भट्टी पेटते. वीज घटकेत असे, घटकेत नसे. सरांची बहीण भुसावळजवळ दीपनगरच्या वसाहतीत राहायची, विजेच्या कारखान्याच्या दारातच, त्यामुळे तिच्याकडे कूलर दिवसरात्र चाले. सरांनी उन्हाळ्यात माश्यांचं बस्तान तिथे हलवलं. दुधाच्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे, वरून ओला पंचा, आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन एसटीत मी. एका बाईंनी विचारलं, "काय आहे भाऊ यात?" मी म्हणालो, "माश्या." त्या म्हणाल्या, "अरे, मग सोडून दे ना!" मी म्हणालो, "नाही, पाळलेल्या आहेत." त्यानंतर भुसावळपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. सरांच्या त्या बहिणीने मला पाणी दिलं, पण कूलरसमोरची खुर्ची माश्यांना दिली.

माझी खरी शोभा झाली ती दुसऱ्या वर्षी. लाल डोळ्यांच्या माश्या एका बाजूला आणि तपकिरी डोळ्यांच्या दुसऱ्या बाजूला करायच्या होत्या. मी सगळ्या एकाच बाजूला केल्या. सरांनी पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा सगळ्या एकत्र केल्या. सर रागावतील म्हणून मी मान खाली घातली, तर काय! सर आनंदाने जागच्या जागी उडाले. "अरे, तुला लाल-हिरवं कळत नाही! वर्गात आपलं स्वतःचं उदाहरण निघालं!" त्यांनी मला टेबलापाशी उभं केलं आणि नव्या सूक्ष्मदर्शकासारखं सगळ्यांना दाखवलं. मग प्रश्न आलाच. "मामाकडचं काय?"

पुढच्या रविवारी सर लोकरीच्या गुंड्या घेऊन थेट मुक्ताईनगरला माझ्या आजोळी. आजोबांनी हिरवी गुंडी लाल म्हणून उचलली आणि लाल गुंडी मातकट म्हणून बाजूला ठेवली. सर इतके खूश झाले, की आजोबांना वाटलं आपण काहीतरी जिंकलो. पण घरी रामायण झालं. माझे वडील दोन दिवस मिशीतल्या मिशीत हसत होते. "म्हणजे खोट त्यांच्याकडची!" आई सरांचं नाव काढलं की भांडी आपटायची. वीस वर्षांच्या संसारात वडिलांना मिळालेला हा पहिलाच शास्त्रीय विजय होता.

सरांच्या नादाने मीही ठरवलं, मानवी अनुवंशशास्त्रच शिकायचं. त्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, हा विषय शिकवणारी विद्यापीठं देशात मोजकीच होती आणि सगळी दूर. एका ठिकाणी मुलाखतीला बोलावणं आलं. सोबत सूचना होती: स्वतः केलेलं छोटंसं काम घेऊन या. वडिलांनी आपला निकाल आधीच सांगून ठेवला. "नंबर लागला तर जाय. नाही लागला तर गुमान घरी ये अन् केळी लाव." म्हणजे एका बाजूला ते विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला जन्मभर बिनबियांचं पीक. मधे काही नाही. मला रात्री झोप लागेना.

काम म्हणजे काय करायचं? सर म्हणाले, एका खऱ्या घराण्याची वंशावळ जमव. एक गुण धर आणि पिढ्यान्‌पिढ्या तो कसा फिरलाय ते दाखव. मी उत्साहाने पांढरा कोट चढवला, पुठ्ठ्याला कागद लावला आणि आमच्याच गावात दारोदार विचारत सुटलो, "तुमच्या घराण्यात आनुवंशिक रोग कोणाकोणाला आहे?" तिसऱ्या दाराशी एक काकू खराटा घेऊन मागे लागल्या. "रोग तुह्या घरात अशीन!" आणि ते बरोबरच होतं, माझ्याच घरात निघाला होता.

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, रोग विचारल्यावर कोण सांगेल? घरात लग्नाच्या मुली असतात. रोग विचारायचाच नाही. लग्नं विचारायची. कोणत्या लग्नात कोण रुसलं होतं, ते विचार. आपल्याकडे माणूस मेलेला विसरतील, पण रुसलेला नाही विसरणार. एक रुसवा निघाला की अख्खं खानदान मागे ओळीने येतं."

आणि खरंच, ही विद्या सरांना अशी साधली होती, की बघत राहावं. "धाकट्या आत्याच्या लग्नात मानपान बरोबर झाला होता का हो?" एवढं विचारून ते गप्प बसायचे. पुढच्या अर्ध्या तासात चौकोन आणि गोल आपोआप जागेवर येऊन बसत. मी आजही इस्पितळात हेच करतो, फक्त वातानुकूलित खोलीत बसून.

धुळ्याच्या स्टँडवर सरांना एक कंडक्टर सापडला. तिकीट देणाऱ्या हाताला करंगळीच्या बाहेर सहावं बोट, छोटंसं, नखासकट. सर उतरायचं ठिकाण सोडून त्याच्याबरोबर शिरपूरपर्यंत गेले. वाटभर लग्नंच लग्नं. घरात मुली किती, कुणाची झाली, कुणाची राहिली, मामाकडचं काय. मामाचं गाव सोनगीरजवळ, तिथे अशी बोटं बऱ्याच जणांना आहेत, हे कळल्यावर सर म्हणाले, "येत्या रविवारी मी येतो. आमचा मुलगाही येईल बरोबर. हुशार आहे, पुढे मोठ्या विद्यापीठात जायचंय त्याला."

आता तुम्हीच सांगा, त्या कंडक्टरने मामाकडे काय निरोप द्यावा?

रविवारी सोनगीरच्या किल्ल्याच्या अलीकडे आम्ही उतरलो आणि त्या खेड्यात चालत गेलो. अंगण ताजं सारवलेलं, रांगोळी घातलेली, ओट्यावर सतरंजी. दारात गल्लीतल्या बायकांची ही गर्दी. घराचे कर्ते, त्यांना सगळे आबा म्हणत, फेटा बांधून सामोरे आले. "या सर, या. बसा. ऊन कितलं शे!" मला तर त्यांनी लोडालाच टेकवलं. खेड्यातल्या लोकांना विज्ञानाची केवढी कदर, असं माझ्या मनात आलं. मी कॉलर नीट केली.

"पोऱ्या काय करस?" आबांनी विचारलं.

सरांनी सांगितलं. घर कुठलं, शेती किती, केळी कशी, बहिणी किती, सगळं विचारलं गेलं आणि सरांनी सगळं आनंदाने सांगितलं. वंशावळ घ्यायची तर आधी आपलीही द्यावी, असं त्यांचं म्हणणं असे. मग सरांनी आबांची विचारली, आबांनी ती सांगितली. मामाचं कूळ निघालं, आत्या निघाल्या, रुसवे निघाले. मी भराभरा लिहून घेत होतो. दारातल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, त्याही मला विज्ञानाबद्दलच वाटल्या.

मग आतून एक मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन आली. लुगडं कुठल्या रंगाचं होतं ते मला विचारू नका, मी त्या कामाचा नाही. डावा हात तिने पदराखाली घट्ट धरला होता. सर म्हणाले, "बेटा, हात दाखव बरं." तिने उजवा पुढे केला. "तो नाही, दुसरा." आबांचं तोंड उतरलं. मुलीने खाली बघत हात बाहेर काढला. करंगळीच्या बाजूला सहावं बोट.

"वा!" सर ओरडलेच. "काय सुंदर बोट आहे! नख तर बघ, अगदी पूर्ण! मी इतकं चांगलं बोट आजवर पाहिलं नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, "फारच छान आहे, सर. हेच पाहिजे होतं आपल्याला."

बायकांमधून आनंदाचा गलका झाला. आबांनी डोळे पुसले. "सर, ह्या बोटपायी बठ्ठी स्थळं मोडी गयात. जो येस तो हात देखस, नि निंघी जास. बोट देखीसन 'वा' म्हननारा तुम्हीन पहिलाच." मग त्यांनी माझ्या हातात नारळ ठेवला.

नारळ हातात आल्यावर माझी ट्यूब पेटली. मी सरांच्या कानाशी लागलो, "सर, हे मुलगी दाखवतायत. मला."

"मग? दाखवली ना," सर म्हणाले. आणि मग त्यांनी पहिल्यांदा, मी ओळखू लागल्यापासून पहिल्यांदा, एका माणसाच्या कानाकडे न बघता तोंडाकडे बघितलं. त्या मुलीच्या. ती हसत होती. हात तसाच बाहेर होता, लपवायचं विसरली होती ती. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

ते आबांना बाजूला गोठ्यापाशी घेऊन गेले. मीही नारळासकट मागे गेलो. सरांनी हात जोडले. "आबा, चूक माझी आहे. आम्ही स्थळ म्हणून नाही आलो. अभ्यासासाठी आलो होतो. मी बोललोच अशा रीतीने की..."

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुंटीला धरून उभे राहिले. "आते गल्लीले काय सांगू मी? पोरले काय सांगू? परत एक जण हात देखीसन गया म्हनी?"

मला वंशावळ नको होती, विद्यापीठ नको होतं, फक्त जमीन फाटून आत जायला मिळालं असतं तर बरं, असं झालं. माझी केळीची बाग मला समोर दिसायला लागली होती.

सरांनी माझ्या चिकटलेल्या कानांकडे बघितलं. मग म्हणाले, "आबा, नकार आम्ही कशाला द्यायचा? तुम्ही द्या. मुलात खोट भरपूर आहे."

आणि अंगणात परत येऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, सरांनी माझं व्याख्यान सुरू केलं. "आबा, लपवाछपवी नको. मुलाचे दोष आधीच सांगतो. याला लाल-हिरवं कळत नाही. सिग्नलला उभा केला तर मरेल. हे आजोळकडून आलंय, मी स्वतः तपासलंय. याला जीभ गुंडाळता येत नाही. कान बघा, कसे चिकटलेले आहेत. वडिलांना टक्कल आहे, काकांना आहे, यालाही पडणार, आताच कपाळ वर सरकलंय. आणि शिक्षण! आधी दोन वर्षं एमएस्सी. मग पाच-सहा वर्षं पीएचडी. मग कुठल्याशा इस्पितळात पुन्हा शिकाऊ. डॉक्टर म्हणतील याला, पण सुई टोचायची परवानगी नाही. हाताशी काही लागेपर्यंत याचं वय उलटेल."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. मी नारळ धरून मान खाली घालून उभा होतो. एक म्हातारी माझ्या जवळ आली, माझे कान बघून "अरे बाप रे" म्हणाली आणि मागे गेली.

आबांना सगळं उमगलं होतं. त्यांनी लेकीला हाक मारली. "बेटा, तू सांग. काय म्हनस तू?"

मुलगी पुढे आली. तिला किती कळलं होतं, मला ठाऊक नाही. मला वाटतं, सगळंच. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, अगदी निवांत, जसं आजवर तिला लोकांनी बघितलं असेल. मग नारळ धरलेल्या माझ्या हातांवर येऊन तिची नजर थांबली.

"माले नको, आबा," ती म्हणाली. "त्याना हातले पाचच बोटे शेतस."

आधी ती म्हातारी हसली, आणि मग सगळी गल्ली. आबा तर हसता हसता ओट्यावर बसले. मी मुलगी बघायला गेलो नव्हतो, तरी नापसंत होऊन बसलो होतो. आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. ती नाही म्हणाली त्या क्षणी मला ती फार आवडली.

त्यानंतर जे झालं ते सरांच्याही ध्यानीमनी नव्हतं. ती म्हातारी पदराखालून हात काढत म्हणाली, "मास्तर, हाई देखा." तिलाही सहावं बोट. "मन्ही आत्याले तर दोन्ही हातले व्हतात." एका गड्याने धोतराच्या सोग्यातून हात काढला. कुणी पोराला पुढे ढकललं, त्याच्या पायाला होतं. इतकी वर्षं पदरात, खिशात, मुठीत लपलेले हात एकेक करून उन्हात आले. सरांनी खडू काढला आणि त्या सारवलेल्या अंगणात चौकोन-गोल काढायला घेतले. बायका वाकून सांगायच्या, "अहो, तिन्हा मधला भाऊ ऱ्हायना!" आणि सर गुडघ्यांवर रांगत जाऊन तो भाऊ घालायचे. संध्याकाळी अंगणभर ते खानदान पसरलं होतं. मी ते कागदावर उतरवून घेतलं. निघताना नारळ परत द्यायला गेलो, तर मुलगी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. फोडीसन खावा."

मुलाखतीत तो कागद पसरला, तेव्हा समोरच्या प्राध्यापकबाईंनी मधल्या एका गोलावर बोट ठेवलं. त्याच्या शेजारी सरांनी एक चौकोन काढलेला होता, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघेवर ठसठशीत फुली. घडलेलं सगळं नोंदवायचं, असा सरांचा नियम.

"हा कोण?"

"मी, मॅडम."

"आणि फुली का?"

मी हात वर केला आणि बोटं पसरली. मग सगळं सांगावंच लागलं. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. माझा नंबर लागला. वडील आठवडाभर बागेत एकटेच बोलत हिंडले, आणि पाहुण्यांना सांगू लागले, "माणसाच्या पैदाशीचं शिकाले चालला."

त्या मुलीचं पुढच्या वर्षी लग्न झालं. नकार देणारी मुलगी म्हणून तिची कीर्ती पार शिरपूरपर्यंत गेली होती, म्हणे. सर वहिनींना घेऊन लग्नाला गेले आणि मुलाच्या मामाशी तीन तास बोलत बसले. मला बोलावणं नव्हतं. नाकारलेल्या स्थळाला कोण बोलावतं?

सरांनी माझ्याबद्दल त्या अंगणात जे जे सांगितलं, ते सगळं वेळेवर खरं झालं. टक्कलही. फार उशिरा माझं लग्न झालं आणि मला मुलगी झाली, जळगावच्या दवाखान्यातच. घरचे सगळे नाक कुणावर गेलं, रंग कुणाचा, यावर भांडत होते. सर निवृत्त होऊन थकले होते, वहिनींचा हात धरून जिने चढून आले. पाळण्यावर वाकले. कान बघितले नाहीत. तिची मिटलेली मूठ अलगद उघडली, एकेक बोट मोजलं, मग दुसरी मूठ उघडून तीही मोजली.

माझ्याकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला.

"पाचच आहेत रे," ते म्हणाले. "असू दे. तिला कुणी नाकारलं तर आपण समजावू."